गाडी उभी असताना का थरथरते?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांचा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. म्हणाले, "प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे. तू गाड्यांवर बोल. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत, त्यांच्या कामी येईल." मी हो म्हटलं. पण आज बोलायला उभा राहिलो त्याचं कारण नुसतं गाडी नाही. ते शेवटाकडे येईल. आधी कामाचं सांगतो.

तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल, दहावीला मी गणितात गेलो आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला सुटलो. पुढं शिकायची सोय नव्हती. मामांनी नागपूरला एका गॅरेजात हेल्पर म्हणून लावून दिलं. तेव्हा आपली छोटी लाईन चालू होती. भिवापूरहून उमरेड, उमरेडहून नागपूर, डब्यात मिरचीची पोती आणि मधे आम्ही पोरं. आता २०१९ पासून ती छोटी गाडी बंद आहे, रूळ मोठे करायचं काम निघालं. त्या गाडीनं मी आठवड्याला घरी यायचो, हाताला काळं ऑइल तसंच. आई म्हणायची, हे धुतल्यानं जाईल का?

आपण शाळेत होतो तेव्हा गावात मोटारी मोजक्या होत्या. कोणाची तरी ॲम्बेसेडर, कोणाची फियाट, जिला पुढं प्रीमियर पद्मिनी नाव पडलं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली आणि काही वर्षांत मास्तर, डॉक्टर, व्यापारी असे लोक गाडी घेऊ लागले. मी ज्या गाड्यांवर हात बसवला त्या याच. त्यांची सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: "मिस्त्री, गाडी चालताना बरोबर चालते, पण उभी केली की थरथरते. सिग्नलला स्टिअरिंग हालते, आरसा हालतो, कधी बंद पडते." आमच्या भाषेत, गाडी स्लो धरत नाही.

आता उभ्या गाडीतच का? हे समजायला थोडं गणित लागतं. ज्या विषयात मी नापास झालो तोच.

समजा इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला १५. चार सिलिंडरच्या गाडीत प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे सेकंदाला चौघांचे मिळून ३० धक्के. ते सारख्या अंतरानं पडले की आपल्याला थरथर जाणवत नाही. आता चौघांतला एक गैरहजर राहिला. ३० चे साडेबावीस झाले आणि दर चौथ्या जागी खड्डा पडला. गाडी लंगडते. आम्ही म्हणतो, मिसिंग मारते.

गंमत बघा. मारुती ८०० ला मुळात तीनच सिलिंडर. तिचे ९०० फेऱ्यांना सेकंदाला साडेबावीसच धक्के होतात. आकडा तोच, पण तिथं अंतर सारखं असतं. म्हणून ८०० थोडी थरथरली तर तो आजार नाही, तो तिचा स्वभाव आहे. शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करू नका. आपली गाडी सहा महिन्यांपूर्वी कशी उभी राहायची, तिच्याशी तुलना करा.

वेगात असताना हा दोष लपतो. फेरे वाढले की धक्के जवळजवळ येतात, वजनाच्या चाकाचा जोर असतो, हवा-पेट्रोलही भरपूर जातं. उभ्या गाडीत इंजिन जेमतेम श्वास घेत असतं. तेव्हा छोटी उणीवही दिसते. म्हणून चांगला मिस्त्री गाडी पळवून बघायच्या आधी ती उभी ठेवून ऐकतो.

पण इथंच एक सोपी वाटही आहे. कार्बोरेटरवर एक छोटा पेच असतो, रेसचा पेच. तो पेचकसानं थोडा आत फिरवला की फेरे ९०० चे १,२००-१,३०० होतात आणि थरथर दिसेनाशी होते. गिऱ्हाईक खूश. काम दोन मिनिटांचं. दोष जिथं होता तिथंच राहतो.

आता ते सांगतो, ज्यासाठी मी आज उभा आहे.

२०१० चा फेब्रुवारी. आपल्याकडे मिरचीचा हंगाम. मी नागपूर सोडून गावात स्वतःचं गॅरेज टाकून वर्षही झालं नव्हतं. पतपेढीचं कर्ज होतं. दारात मिरची वाहणाऱ्या पिकअप रांगेनं उभ्या होत्या आणि प्रत्येकाला "आत्ता" पाहिजे होतं. अशात आपले गणिताचे सर आले. ते आज समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. सरांनी निवृत्तीनंतर जुनी झेन घेतली होती, १९९६ ची, कार्बोरेटरवाली. सर म्हणाले, "काहून रे, ही उभी असली की हालून राहिली. बघ जरा."

मी बॉनेट उघडलं, एकदा कान दिला, आणि रेसचा पेच दीड आटा आत फिरवला. गाडी शांत झाली. सरांनी विचारलं, "दोष सापडला?"

मी म्हटलं, "हो सर. ट्यूनिंग गेलं होतं."

पन्नास रुपये घेतले. सरांना मी खोटं बोललो. दोष मी शोधलाच नव्हता.

तीन आठवड्यांनी सर आणि काकू उमरेडला निघाले. वाटेत पुढचा ट्रक एकदम थांबला. सरांनी ब्रेक मारला तर पेडल दगडासारखं. सर्व जोर लावूनही गाडी वेळेत थांबेना. सरांनी ती ट्रकवर जाऊ दिली नाही, डावीकडे वळवली, आणि गाडी रस्त्याखाली उतरून बांधावर आदळली. सरांना खरचटलं. काकूंच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी कुरडया, पापड काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून गाडी माझ्याच दारात आली. मागून सर पायी आले. हातात आपल्या वेळची असते तशी दोनशे पानी वही. म्हणाले, "आज घाई नाही. आज पायऱ्या दाखव."

वर्गात ते काय करायचे आठवतं ना? उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसल्या तर शून्य. त्या दिवशी मी चाळिशीत होतो आणि सर स्टुलावर बसून वहीत लिहीत होते. त्या पायऱ्या आज तुम्हाला सांगतो. त्या कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडतात.

पहिली पायरी, पेच मूळ जागी आणणे. दोष झाकलेला असेल तर तो मोजता येत नाही. पेचाच्या आट्यावर दीड आटा भाग चकचकीत दिसत होता, बाकी मळलेला. सरांनी वाकून पाहिलं. "हा कोणी फिरवला?" मी म्हटलं, "मीच, सर." त्यांनी वहीत तसंच लिहिलं. बोलले काही नाही.

दुसरी पायरी, हजेरी. चारपैकी एक सिलिंडर गैरहजर आहे की चौघंही आजारी आहेत? इंजिन जेमतेम तग धरेल एवढीच रेस ठेवायची आणि एकेका प्लगची ठिणगी बंद करून बघायचं. ज्याची बंद केल्यावर इंजिन आणखी लंगडतं, तो कामावर होता. ज्याची बंद करूनही काही फरक पडत नाही, तो आधीपासूनच गैरहजर. हे घरी हातानं करू नका. जोराचा झटका बसतो, आणि प्लगची वायर हवेत मोकळी सोडली तर इग्निशनचा भाग जळू शकतो. एकच गैरहजर निघाला तर त्याचा प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला तडा, आणि शेवटी व्हॉल्व्ह व कॉम्प्रेशन, या क्रमानं बघायचं. स्वस्त आधी, महाग नंतर. ॲम्बेसेडर, पद्मिनीसारख्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असतात. ते जळून खड्डा पडला किंवा त्यांची फट बदलली की चारही सिलिंडरची ठिणगी बिघडते. सरांच्या गाडीत चौघंही हजर होते. चौघं सारखेच अशक्त.

तिसरी पायरी, रेस देऊन बघणे. २,००० फेऱ्यांवर गाडी गुळगुळीत चालली. म्हणजे ठिणगी ठीक, कॉम्प्रेशन ठीक. दोष फक्त कमी फेऱ्यांवर दिसतो. मग संशय हवा-पेट्रोलच्या प्रमाणावर.

चौथी पायरी, प्लग काढून त्यांचा रंग बघणे. टोक विटकरी-भुरं असेल तर प्रमाण बरोबर. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर हवा जास्त. चारही प्लग पांढरट निघाले. खात्रीसाठी एअर फिल्टर काढून कार्बोरेटरचं तोंड पुठ्ठ्यानं अर्धं झाकलं. गाडी सुधारली. सरांनी लिहिलं: "कुठून तरी जास्तीची हवा आत येते."

पाचवी पायरी, ती हवा शोधणे. उसाचा रस नळीनं पिताना नळीला भोक असलं तर काय होतं? रसाऐवजी हवाच तोंडात येते. इंजिनचं तसंच आहे. ते हवा ओढणारा पंप आहे. गाडी उभी असताना कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, म्हणून तिच्या पुढच्या नळकांड्यात, मॅनिफोल्डमध्ये, जोराची ओढ तयार होते. तिला आम्ही व्हॅक्यूम म्हणतो. या ओढीवर गाडीत इतर कामंही चालतात. म्हणून मॅनिफोल्डला रबराच्या नळ्या जोडलेल्या असतात. पंधरा वर्षांत रबर कडक होतं, तडकतं. तडा गेला की तिथून हवा शिरते. वेगात एवढीशी हवा कोणी विचारत नाही. उभ्या गाडीत तीच फार होते.

काही मिस्त्री गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडतात. तसं कोणालाही करू देऊ नका, आग लागते. एकेक नळी मुळाशी चिमटून बघायची. मी एक चिमटली, काही नाही. दुसरी चिमटली, काही नाही. तिसरी जाड नळी चिमटली आणि इंजिन एकदम शांत झालं. अगदी शांत. वर्गात सर आल्यावर व्हायचं तसं.

ती ब्रेकच्या बूस्टरची नळी होती. खालच्या बाजूला, ब्रॅकेटवर घासून घासून फाटली होती. वरून बघणाऱ्याला दिसत नव्हती.

आता बूस्टर काय करतो ते सांगतो, म्हणजे मी काय केलं होतं ते कळेल. आपण ब्रेकचं पेडल दाबतो तेव्हा इंजिनची ही ओढ बूस्टरमधल्या पडद्याला ओढते आणि आपल्या पायाला मदत करते. नळी फाटली की मदत जाते. ब्रेक असतात, पण कितीतरी जास्त जोर लागतो. सरांच्या गाडीत ती नळी आधी थोडी फाटली होती. तेव्हा गाडी थरथरून सांगत होती. मी पेच फिरवून तिचं तोंड बंद केलं. पुढं तीन आठवडे पेडल रोज थोडं कडक होत गेलं. मी सरांना विचारलं, तुम्हाला जाणवलं नाही का? सर म्हणाले, "जाणवलं ना. मला वाटलं माझे गुडघे गेले."

नळीची किंमत फार नव्हती. बसवायला वीस मिनिटं लागली.

मी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत, पत्रा-बंपर माझ्या खर्चानं करून दिला. पण गावात काय बोललं गेलं ते तुमच्यापैकी इथं राहणाऱ्यांना माहीत आहे. "मास्तरांचं वय झालं, आता गाडी झेपत नाही." सरांच्या मुलांनी, काळजीपोटी, किल्ली काढून घेतली. झेन अंगणात ताडपत्रीखाली चार वर्षं उभी राहिली. पुढं पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीसाठी तपासणीला न्यायला कोणी नव्हतं, ती भंगारात गेली. सर तेव्हापासून एसटीनं जातात-येतात. चहाच्या टपरीवर ते बोलणं माझ्यासमोर झालं, एकदा नाही, अनेकदा. मी मान खाली घालून चहा प्यायलो. गॅरेज नवीन होतं, कर्ज होतं, हे मी स्वतःला सांगत आलो. कर्ज २०१४ ला फिटलं. त्यानंतरही मी बोललो नाही.

सर कोणालाही बोलले नाहीत. मुलांनाही नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझं गणित आहे. तू सोडव."

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. त्या दिवशी गाडी सरांच्या वयामुळे रस्त्याखाली गेली नाही. सरांनी तर ती ट्रकखाली जाण्यापासून वाचवली. चूक माझी होती. काकू, तुमची माफी मी तेव्हाच मागायला हवी होती. आज मागतो. सरांची दोन्ही मुलं इथं आली आहेत, त्यांनाही हे माहीत असावं.

आता जाता जाता दोन गोष्टी, ज्या तुम्ही घरी करू शकता.

एक, बूस्टरची तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग ते दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे जा, आणि गाडी शक्यतो ओढून न्या.

दोन, मिस्त्रीला "झालं का?" असं विचारू नका. "काय होतं?" असं विचारा, आणि काढलेला भाग हातात मागा. नुसतं "ट्यूनिंग होतं" म्हणाला तर माझी आठवण काढा. हे नव्या गाड्यांनाही लागू आहे. तिथं रेसचा पेच नाही. कॉम्प्युटर स्वतःच फेरे सांभाळतो आणि बारीक दोष बराच काळ सावरून नेतो. शेवटी डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. तो दिवा मशीन लावून नुसता पुसून देणारेही आहेत. दिवा का लागला, ते विचारा.

माझ्या गॅरेजात आज तीन पोरं शिकतात. प्रत्येक थरथरणाऱ्या गाडीच्या पायऱ्या ती वहीत लिहितात. पेच फिरवायची परवानगी सगळ्यात शेवटी. सरांची ती वही माझ्याकडेच होती, मी आज परत द्यायला आणली आहे.

जेवणाला अजून अर्धा तास आहे असं संयोजक म्हणतात. मैदानात तुमच्या गाड्या उभ्या आहेत. ज्यांना पेडलची तपासणी बघायची असेल त्यांनी माझ्यासोबत या. सर, तुम्हीही चला. पहिली माझी गाडी तपासू, आणि स्टिअरिंगवर तुम्ही बसा.